मी मेक्सिकन पिक्चर मराठीत आणतो

फजिती ऐकायचीय ना? ऐका. हसा पोटभर, माझी ना नाही. पण चहा संपेपर्यंत एकानेही ‘चूक तुझीच’ असं म्हणायचं नाही. चूक माझी नव्हतीच! आजही मी तेच म्हणतो.

आमची सई यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. जन्म इथलाच, अमेरिकेतल्या चँडलरचा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र बहुतेक वेळा इंग्लिशमधून. तिने डोक्यात घेतलं, की कॉलेजला न्यूयॉर्कला जायचं आणि सिनेमा शिकायचा. सिनेमा! मी चिपच्या कंपनीत इंजिनिअर, बायको मंजिरी टेस्टिंगमध्ये, आणि पोरगी कॅमेरा घेऊन हिंडणार? मी ठणकावून सांगितलं, "नाही म्हणजे नाही. घराजवळ एवढं मोठं कॉलेज आहे. तिथे जा, कॉम्प्युटर शीक आणि संध्याकाळी जेवायला घरी ये." काय चुकलं यात? सांगा ना!

सईने वाद घातला नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

तेव्हा माझी आई कऱ्हाडहून नुकतीच आमच्याकडे राहायला आली होती. आणि आईचा शब्द मी मोडत नाही, हे आमच्या घरातल्या डिशवॉशरलाही माहीत आहे. एका शनिवारी दुपारी सईने हॉलचे पडदे ओढले आणि आजीला सोफ्यावर बसवलं.

"आजी, मूव्ही बघू या. मेक्सिकन. फॅमिली ड्रामा."

"मला काय कळणार गं त्यातलं?"

"बाबा ट्रान्सलेट करेल ना."

म्हणजे संवाद स्पॅनिश, खालची अक्षरं इंग्लिश आणि आईच्या कानाशी मराठीतून मी!

पिक्चर सुरू झाला. छोटं गाव, बापाची बेकरी आणि वयात आलेली पोरगी. तिला म्हणे शहरात जाऊन फोटोग्राफी शिकायची असते आणि बाप नाही म्हणतो. मी सईकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. अस्सं! आजीला फितवायचा कट होता तर! पण आजीचा कान होता माझ्या ताब्यात.

"काय म्हणतेय रे ती?" आईने विचारलं.

"म्हणतेय, शहरात जाऊन काय करायचंय? मी आपली बेकरीच बघते."

"बाबा! शी सेड द ऑपोझिट!" सई ओरडली.

"मध्ये बोलू नकोस सई, माझी लिंक तुटते."

आईला पिक्चर भलताच आवडला. त्यातली आजी दगडावर मका वाटायला बसली तेव्हा तर ती सोफ्यावरून उठायच्याच बेतात होती. "अगं बाई, हा तर आपला पाटा-वरवंटा!" तेवढ्यात पडद्यावर मोटरसायकलवरून एक पोरगा आला.

"हा कोण?"

आता जन्मदात्रीच्या मांडीला मांडी लावून ‘बॉयफ्रेंड’ म्हणू? मी म्हटलं, "मावसभाऊ."

"गुणी दिसतो हो."

गुणी मावसभावाने लगेच तिचं चुंबन घेतलं. तेही सविस्तर! मी खोकायला लागलो. मंजिरी कुणी न मागितलेलं पाणी आणायला धावली. रिमोट शोधला, तर तो सईच्या मांडीखाली.

"अरे, मावसभाऊ ना तो?" आई किंचाळली.

"आत्तेभाऊ, आत्तेभाऊ! माझीच वाचण्यात चूक झाली."

आईचा चेहरा एकदम खुलला. "मग काही हरकत नाही. मुलगी आत्याच्याच घरात पडतेय. लग्न कधी आहे?"

"बोलणी चाललीयेत," मी घाम पुसत म्हणालो. सांगा, दुसरं काय म्हणणार होतो?

मग पोरीने भर अंगणात बापाला रडत रडत बरंच काही सुनावलं. मी आईला सांगितलं, "म्हणतेय, बाबा, तुम्हाला सोडून मला राहवणार नाही." सई उठून उभीच राहिली. "दिस इज क्रिमिनल!"

आणि मग घोळ झाला. तो बेकरीवाला लालबुंद होऊन आत गेला, पोरीची बॅग उचलून त्याने दाराबाहेर आपटली आणि ओरडला. खाली अक्षरं आली, ‘चालती हो. परत येऊ नकोस.’ बघा आता! अख्ख्या पिक्चरमध्ये माझ्या बाजूचा एकच माणूस आणि तो असा वागला! खरं सांगितलं असतं तर आईने त्याच्याबरोबर मलाही राक्षसात काढलं असतं. त्याची अब्रू वाचवणं भाग होतं.

"काय म्हणतोय रे तो?"

"म्हणतोय, जा बाळा, खूप शीक. माझी काळजी करू नकोस."

"पण ती तर बेकरी बघणार होती ना?"

"ते वरवर. तिच्या मनातलं बापाला न बोलता कळलं."

"मग ओरडतोय कशाला?"

"रडू येऊ नये म्हणून." आणि हे म्हणताना कसं कोण जाणे, माझाच आवाज घोगरा झाला.

आई पदराने डोळे टिपत होती. पिक्चर संपला तशी ती सईकडे वळली. "तुलाही कुठे जायचंय ना गं शिकायला?"

"न्यूयॉर्क, आजी."

"जा. माझा शब्द आहे. तो बेकरीवाला बघ, पोरीसाठी काळजावर दगड ठेवला त्याने. आणि आमचे चिरंजीव!"

"आई, अगं तो तसा नव्हताच!" मी ताडकन उठलो. "त्याने पोरीला घराबाहेर काढलं! मधलं सगळं मी मनाने सांगितलं!"

मंजिरीने मघाचा पाण्याचा ग्लास माझ्यापुढे धरला. आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे बापाने काय बोलायचं असतं ते तुला चांगलं येतंय की! मग आपल्या पोरीशी बोलतानाच कुठे जातं ते?"

मी उगाच रिमोट शोधायला लागलो. सई मात्र हसता हसता रडत होती. "बाबा, युअर व्हर्जन वॉज बेटर दॅन द मूव्ही."

पण मी हरलो असं समजू नका! माझा विरोध कायम आहे आणि रोज नाश्त्याच्या टेबलावर तो मी मोठ्याने नोंदवतो, "न्यूयॉर्कला जायचं नाही म्हणजे नाही!" आईला हल्ली जरा कमी ऐकू येतं. ती सईला विचारते, "काय म्हणतोय गं तो?"

आणि एरवी मला इंग्लिशमधूनच उत्तर देणारी माझी लेक माझ्या डोळ्यांत डोळे घालून, स्वच्छ मराठीत सांगते, "आजी, बाबा म्हणतोय, जा बाळा, खूप शीक."