सकिनाबीच्या अम्माची तसबीर

सकिनाबीनं आपली आई पाहिलेली नाही. ही सव्वा महिन्याची असताना आई गेली, आणि फोटो काढायची त्या घरात रीतच नव्हती. नळदुर्गच्या एका गल्लीत बाई सत्तर वर्षं राहतीय. नवरा ट्रकवर होता, तो हैदराबाद रोडलाच अपघातात गेला. गोधड्या शिवून तीन पोरं वाढवली. आता गुडघे गेलेत, पण जिभेची धार तशीच आहे. या बाईचं मी काय वाटोळं केलं, ते सांगायला बसलोय.

मी रिटायर ड्रॉइंग मास्तर, धाराशिवला असतो. ढोकीचा गौरीशंकर माझा जुना विद्यार्थी. त्याच्या माजघरात त्याच्या पणजीची मोठी तैलरंगातली तसबीर होती. हिरवं इरकल, नाकात नथ, कपाळावर आडवं कुंकू. पितृपक्षात तिच्यापुढं पान वाढायचे. खालच्या कोपऱ्यात धुरानं काळवंडलेली सही होती. चित्र कुणाचं, विचारलं तर म्हणे, "कुणी तरी पेंटर आलता, आजा सांगायचा." माझं डोकंच फिरलं. एवढा तयारीचा हात, आणि म्हणे कुणी तरी!

कापसाच्या बोळ्यानं कोपरा पुसला तर सही उर्दूत. उर्दू शाळेतल्या एका बाईंनी वाचून दिली: मुनवर, नळदुर्ग. मग झालं, माझ्या अंगात आलं. सही नीट बघायला ढोकीला चार खेपा केल्या, नळदुर्गला तीन. तिसऱ्या खेपेला हायवेवरचा एक ढाबेवाला म्हातारा म्हणाला, "मुनवर पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याची पोरगी हाय की, सकिनाबी."

तिला मोबाईलवर सही दाखवली. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि काढेचना.

"हे अब्बाचंच," ती म्हणाली. "चित्रात बाई हाय का? नथ घातलेली?"

"आहे की. तुम्हाला कसं ठाऊक?"

"ती माझी अम्मा हाय, मास्तर."

मग तिनं सांगितलं. चित्र काढून मागणाऱ्या घरातली बाई जाऊन दहा वर्षं झालेली, तिचा फोटो एकही नाही. घरच्यांनी तिची साडी आणि नथ दिली, म्हणाले बाकी तुम्ही बघा. मुनवर पेंटरनं बायकोलाच ती साडी नेसवून समोर बसवलं. "कुंकू लावून बसली व्हती म्हणे, हसू दाबत. अब्बा मरताना बोलले, तुझी अम्मा ढोकीकडं कुणाच्या तरी भिंतीवर हाय. नाव सांगायच्या आत गेले. आता म्या बुरख्यातली बाई, दारोदार 'तुमची मेलेली माणसं दाखवा' म्हणत हिंडू व्हय? चेहऱ्याचा फोटो न्हाय का तुमच्याकडं?"

नव्हता. मला सहीच पाहिजे होती, तिचेच फोटो काढले होते. गौरीशंकरला सांगितलं असतं तर दोन मिनिटांत त्यानं काढून पाठवला असता. पण मला मोठेपणा सुचला. म्हणालो, "मोबाईलमधी काय बघता आपा? शुक्रवारी गाडी करून नेतो, खरं चित्रच बघा."

एवढ्यावर गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या पोटात काही राहतं होय? त्याच संध्याकाळी गौरीशंकरला फोन लावला आणि शोध कसा लागला ते फुशारकीनं सगळं सांगितलं. पेंटर कोण, चेहरा कुणाचा, सगळं. तो एवढंच म्हणाला, "आईला सांगतो." मला वाटलं, पोरगं भारावलं.

शुक्रवारी सकिनाबी नवी ओढणी घेऊन, अत्तर लावून, पिशवीत बालुशाही घेऊन निघाली. वाटेत तिनं मला तीनदा विचारलं, अम्मा गोरी हाय का सावळी. मी म्हणालो, आता बघालच की.

ढोकीच्या माजघरात भिंतीवर नुसता खिळा होता.

गौरीशंकरची आई शिवगंगाबाई. तिनं सकिनाबीला खुर्ची दिली, चहा दिला, हात हातात घेतला. वाईट एक शब्द कुणी बोललं नाही. तेवढं बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

"पन्नास वर्सं म्या हितं पान वाढलं," शिवगंगाबाई म्हणाली. "दुसऱ्याच बाईला जेवू घातलं, आन आमचं माणूस उपाशी राहिलं. लई जीव तुटला. पण तुमच्या आईचा अवमान न्हाय केला, बाई. खणानारळानं वटी भरली आन तेरणेच्या पाण्यात सोडली."

"तरंगायला लागली," गौरीशंकर खाली मान घालून म्हणाला. "म्हणून दगड बांधावा लागला."

भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो त्या घरात कुणीच काढलेला नव्हता. सकिनाबीनं चहा पूर्ण प्यायला. बालुशाही तिथंच ठेवली.

परतताना तुळजापूर आलं तशी ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही चार खेपा बघितलंय. काढून द्या."

तिच्या घरी नातीच्या वहीचं पान घेऊन बसलो. नथ जमली, इरकलचा काठ जमला, कुंकू जमलं. चेहरा काही येईना. चार खेपांत मी वीतभर कोपराच बघितला होता. डोळे कसे होते? ओठांवर दाबलेलं हसू होतं का? आयुष्यभर पोरांना 'आधी बघा, मग काढा' म्हणून छड्या मारल्या, आणि मीच बघितलं नव्हतं. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

ती समोर वाट बघत बसली होती. शेवटी मी मान वर करून तिच्याकडंच बघितलं आणि तिचाच चेहरा काढला, चाळीसपन्नास वर्षं कमी करून.

तिनं कागद उजेडात धरला. गालावरून, हनुवटीवरून बोट फिरवलं.

"अम्मा माझ्यावानीच दिसती की, मास्तर," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो.