बैलाचा न्याय कुत्र्याला

आमच्या गल्लीची कुत्र्याकडून अपेक्षा फार साधी होती. वाघाची चाहूल लागली की त्याने भुंकून गाव गोळा करावं, रानडुकरं धानाच्या बांधीतून हाकलावी, आणि पाहुणा दिसला की शेपटी हलवत बाजूला व्हावं. पाहुणा कोण आणि जनावर कोण, हे त्याचं त्याने ओळखावं. आमच्या घरातल्या माणसांना हे आजवर जमलेलं नाही, पण कुत्र्याला जमायला हवं होतं.

हे कुत्रं आम्हाला वरोऱ्याच्या एका नातेवाइकाने दिलं. तिथे ते कापसाच्या गोदामावर राखणीला होतं. आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं, घरामागून जंगलच सुरू होतं, त्यामुळे कुत्रं हवंच होतं. "एकदम गरीब हाये, बाई," असं म्हणून त्याने ते पुरतं वाढलेलं धूड आमच्या गळ्यात मारलं. त्याच्या पाठीवर दोन लांब पट्टे होते, तिथे केस उगवत नव्हते. आम्ही हुशार माणसं. खरूज असेल म्हणून महिनाभर करंजाचं तेल चोपडलं.

गरीब कुत्र्याने आल्या आल्या कामाला सुरुवात केली. आधी बकऱ्या चारणाऱ्याला चावलं. मग लांब बांबू घेऊन तारेवरची फांदी काढायला आलेल्या लाईनमनला. मग खांद्यावर कावड टाकून टोपल्या विकत फिरणाऱ्या म्हाताऱ्याला, त्याची तर मी हात जोडून माफी मागितली. शिवाय गावातल्या एकूण एक नर कुत्र्यांशी त्याचं वैर होतं. मधूनच नाल्यापलीकडच्या गावातल्या कुत्रींच्या मागे जायचं आणि दोन-तीन दिवसांनी फाटका कान घेऊन परत यायचं. आल्यावर असा चेहरा, की जणू आम्हीच कुठे गेलो होतो.

पण मोहाच्या दिवसांत तेच कुत्रं गल्लीतल्या सगळ्या बायांचं लाडकं व्हायचं. पहाटे फुलं वेचायला जंगलात जावं लागतं. बाई खाली वाकलेली असते, नजर जमिनीवर असते, आणि वाघाला वाकलेलं माणूस काय वाटतं हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमचं कुत्रं बायांकडे पाठ करून झाडीकडे तोंड करून उभं राहायचं. एकदा तळ्याच्या अंगाला ते असं काही भुंकलं की सगळ्या टोपल्या तिथेच टाकून परत आल्या. नंतर माणसं गेली तेव्हा ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले.

माझी जाऊबाई त्याला रोज भात टाकायची. ती आमच्या भासऱ्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. घरं शेजारी, अंगण एकच. जाऊबाई कुणाशी फार बोलत नसे. भासरे घरात असले तर अजिबातच नाही. कुत्र्याशी मात्र ती बोलायची, आणि कुत्रं ऐकायचं.

भासऱ्यांबद्दल काय सांगावं. बैलांच्या बाबतीत पंचक्रोशीत त्यांचा शब्द शेवटचा. बैल सोडून बाकीच्या बाबतीतही त्यांचा शब्द शेवटचाच, फक्त तो कुणी मागितलेला नसायचा. हातात कायम तुतारी, बैलाला टोचायची काठी. शेतात जाताना तुतारी, चहाला येताना तुतारी. एका सकाळी ते असेच चहाला आले, आणि कुत्र्याने त्यांची पोटरी धरली. मी डोक्यावरचा पदर सावरत धावले. घरचा वडीलधारा समोर आला की काय रीत पाळायची, हे कुत्र्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

जखम धुतली, दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. दवाखान्यातून परत येताच भासऱ्यांनी निकाल दिला.

"जंगलात सोडून द्या त्याले. दूर, नाल्याच्या पल्ल्याड."

सोडून द्या म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. त्या थंडीत बिबट्याने गावातली कुत्री उचलायला सुरुवात केली होती. घरचा भात खाल्लेलं कुत्रं तिथे एक रात्रही टिकलं नसतं. मी रडले. जाऊबाई भिंतीला टेकून उभी होती.

नवऱ्याने मधला मार्ग काढला. ऑपरेशन करू, नसबंदी. शांत झालं तर राहील, नाहीतर भाऊ म्हणतील तसं. भासरे खूश झाले, कारण विषय त्यांच्या आवडीचा होता.

"गोऱ्हा बडवला का बैल होते," ते म्हणाले. "मंग कुत्रा काऊन नाई होणार? पाह्य तू, बकरीवानी होईल."

कुत्र्याच्या तोंडाला दुपट्टा बांधून, छोटा हत्ती टेम्पो भाड्याने करून आम्ही चंद्रपूरला गेलो. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना बिचाऱ्यांना वाटलं की आम्ही ऐकायला आलोय. त्यांनी नीट समजावलं. नर कुत्र्यांशी मारामाऱ्या, मादीच्या मागे भटकणं, हे बरंचसं कमी होऊ शकतं, तेही लगेच नाही, काही आठवडे जातील. पण माणसांना चावण्याचं सांगता येत नाही. भीतीमुळे चावत असेल, किंवा चावायची सवय लागली असेल, तर ऑपरेशनने भीती जात नाही. एखादं कुत्रं उलट जास्तच बिचकतं.

"कुणाला चावतो?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांलेच," नवरा म्हणाला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मीही मान हलवली. भासरे तोवर बाहेर जाऊन गाडीवाल्याला बैलाचे दात कसे बघायचे ते शिकवत होते.

गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून कुत्रं घरी आलं, आणि गल्लीतल्या पुरुषमंडळींना एकाएकी त्याची कणव आली. ज्यांनी वर्षभर त्याला दगड मारले होते ते येऊन दारातून हळहळून जायला लागले. "काऊन केलं असं बिचाऱ्याचं," एक जण म्हणाला. याच माणसाने तीन मुलींनंतर बायकोला ऑपरेशनला पाठवलं होतं. तेव्हा त्याची हळहळ कुठे होती, ते मी विचारलं नाही.

जखम भरली. फाल्गुन लागेपर्यंत फरक दिसायलाही लागला. नाल्यापलीकडच्या सहली बंद झाल्या. शेजारचा नर कुत्रा दारावरून गेला तरी आमचे महाराज एक डोळा उघडून परत झोपायचे. भासऱ्यांनी हे सगळं बघितलं आणि परीक्षेचा दिवस ठरवला.

आमच्या घरात बडवलेल्या, म्हणजे खच्ची केलेल्या, बैलाची एक रीत आहे. जखम भरली की घरातला मोठा माणूस तुतारी त्याच्या पाठीवर आडवी टेकवतो आणि तशीच धरून त्याच्याभोवती फिरतो. बैल हलला नाही तर त्याच्या कपाळाला हळद लावायची, शेजाऱ्यांना गूळ वाटायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून जू. भासऱ्यांनी कुत्र्यासाठी अगदी तीच तयारी केली. ताटलीत हळद, वाटीत गूळ, अंगणात अर्धी गल्ली. जू तेवढं आणलं नाही, हे उपकारच.

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं..." मी पदराआडून सुरुवात केली.

"ते शहरातले डॉक्टर. त्याहिले बैलातलं काय समजते?" भासरे म्हणाले, आणि तुतारी उचलून कुत्र्याकडे निघाले.

कुत्रं मागे सरकलं. साखळी ताणली गेली. ते भिंतीला चिकटलं, कान मागे, शेपटी पोटाखाली, आणि त्याने तिथेच मुतलं. मला ते बघवेना. भासरे म्हणाले, "पाह्यलं? कसा नरमला." आणि तुतारी त्याच्या पाठीवर टेकवली.

यावेळी कुत्र्याने हात धरला. नवऱ्याने साखळी ओढून सोडवला. गूळ मातीत सांडला, हळद भासऱ्यांच्याच धोतरावर उडाली. हातातून रक्त गळत असताना ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "आजच्या आज. जंगलात."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. शब्द दिलेला होता. तो साखळीचं कडं काढायला वाकला. मला हात जोडावेसे वाटले, पण कुणापुढे जोडणार?

"थांबा भाऊजी," जाऊबाई म्हणाली.

ती भिंतीपासून पुढे आली. एवढ्या लोकांत तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मी रोज त्याले भात टाकतो. मले नाई चावलं कधी. पोरायले नाई चावलं. बायायले नाई. कोणाले चावलं ते आठवा. बकऱ्यावाल्याच्या हातात काय होतं? त्या बांबूवाल्याच्या? तुमच्या?" ती भासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. "त्याले काठीचं भेव हाये. कोणतरी लई मारलं त्याले. मले बी काठीचं भेव हाये. मी चावली नाई, म्हणून मी अजून घरात हावो. एवढाच फरक."

जे गूळ खायला आले होते ते एक एक करून निघाले. भासरे धोतरावरची हळद झटकत राहिले. माझ्या नवऱ्याने कडं परत अडकवलं. मी जाऊबाईचा हात धरला.

कुत्र्याला सोडायचा विषय त्यानंतर निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भासरे आमच्या दारात आले. एका हाताला पट्टी होती, दुसरा रिकामा. रिकाम्या हाताचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं, कधी कमरेवर ठेवायचे, कधी पाठीमागे. कुत्रं गुरगुरलं, उठलं, दुरूनच वास घेतला आणि परत बसलं. बास, एवढंच. त्यांनी जाऊबाईकडे बघितलं. आता ती काहीतरी म्हणेल, निदान हसेल, अशी त्यांची समजूत असावी.

तिने टोपली काखेत घेतली, साखळी सोडली आणि कुत्र्याला घेऊन मोहाकडे चालू लागली. भासरे अंगणाच्या मधोमध उभे होते. मी चहा घेता का विचारलं. ते हो म्हणाले, पण बसले नाहीत, वाटेकडे बघत राहिले. मला त्यांची अजिबात कीव आली नाही.