चौथी पायरी

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरजवळच्या एका उथळ तलावाचं पाणी सोडायचं दार उघडायचं आणि लावायचं काम करायचो. एका उन्हाळ्यात केंदाळानं, म्हणजे जलपर्णीनं, पाणी पार झाकून टाकलं, तेव्हा पाटबंधारे खात्याच्या साहेबांचा कागद आला: 'केंदाळ वाळावे म्हणून पाणी चौथ्या पायरीपर्यंत उतरवावे.'

घाटाला पायऱ्या दहा. त्यातली चौथी कुठली? मी वरून मोजायला लागलो, तर धुणं आपटणाऱ्या मावशी खेकसल्या, "खालनं मोज की! पायऱ्या चढायला असत्यात."

"उतरायला न्हाईत व्हय?" मीही तापलो. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. शेवटी मावशींचं ऐकलं आणि पाणी सोडत राहिलो.

आठवड्याभरात चिखल उघडा पडला. काठचं केंदाळ करपलं. कधी न पाहिलेले लांब पायांचे पक्षी चिखलात चरायला लागले. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मासेवाले अंगावर धावून आले, "मासं तडफडाय लागल्यात, डोळं फुटलं काय तुझं?"

तलाव बरा होतोय की मरतोय, मला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी पक्षी बघितले, मासेवाल्यांचा आरडाओरडा ऐकला, पायऱ्यांवरून वर-खाली नजर फिरवली. मी धीर करून विचारलं, "साहेब, चौथी म्हणजे वरनं का खालनं?"

साहेब माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "तू कुठून मोजलीस?"