हेडफोन घ्यायला निघालेला भोंगा

तिला सगळी गल्ली भोंगा म्हणायची. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची छाती कुणाची होती? तिसऱ्या मजल्यावरून तिनं भाजीवाल्याला हाक मारली की पलीकडच्या चौकातला दुसरा भाजीवालाही गाडी वळवायचा. कुजबुज तिला जमतच नसे. एकदा शेजारणीच्या कानाला लागून तिनं एक गुपित सांगितलं, तर ज्याचं गुपित होतं तो खाली रस्त्यात थांबून वर बघायला लागला.

दोष तिचा नव्हता, मागांचा होता. एकोणतीस वर्षं तिनं कापडाच्या कारखान्यात चार-चार माग एकटीनं सांभाळले. वर पत्रा, खाली साठ माग, अन् सूत घेऊन धावणारे धोटे इकडून तिकडं असे आपटायचे की भिंतीला पाठ टेकली तर दात वाजायचे. कान तिथंच राहिले. घरी आली ती नुसता आवाज घेऊन. आपलं बोलणं आपल्याला ऐकू यावं एवढंच ती बोलायची. आता त्यालाच एवढा आवाज लागायचा, त्याला ती काय करणार?

पण कारखान्यानं तिला आणखी एक गोष्ट दिली होती अन् ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती. साठ मागांपुढं ओरडून काही उपयोग नसतो. तिथल्या बाया ओठांनी बोलायच्या. या टोकाची बाई आवाज न काढता नुसते ओठ हलवी, त्या टोकाची वाची अन् खुदकन हसे. सासवांच्या कागाळ्या, नवऱ्यांची खोड, मुकादमाची नक्कल, सगळं मुकादमाच्या नाकासमोर चाले अन् त्या शहाण्याला पत्ता नसे. त्यामुळं समोरच्या गॅलरीत कोण काय बोललं ते भोंग्याला चहा पिता पिता कळे. गल्लीत एका पोरीचं लग्न मोडलं, ते पोरीच्या बापाआधी हिला ठाऊक. लोकांना वाटे, हिला कुणीतरी चुगल्या आणून देतंय. अन् तिला वाटे, यात सांगण्यासारखं काय आहे? पायानं चालता येतं म्हणून कुणी दवंडी पिटतं का?

म्हणूनच मंगळवारची भानगड झाली.

सून घरातूनच नोकरी करायची. एका मोठ्या दवाखान्याचे फोन घ्यायचे अन् पेशंटना डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या. काम साधं, पण मुलाचं काम आज आहे, उद्या नाही अशातलं, त्यामुळं घर हिच्याच खांद्यावर. अन् फोनवर पेशंट मधेच विचारी, "ताई, तिथं मारामारी चाललीय का?" मारामारी कसली, म्हातारी बटाट्याचा भाव करत असायची. दवाखान्यातल्या, सुनेच्या कामावर नजर ठेवणाऱ्या बाईंनी दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा आवाज आला तर घरी बसा, म्हणाल्या. आता घरीच बसलेल्या बाईला घरी बसवणार म्हणजे काय, ते सुनेला नीट समजलं.

मंगळवारी मुलगा अन् सून ओट्यापाशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. म्हातारी समोरच लसूण सोलत बसलेली. जिला ऐकूच जात नाही तिच्यासाठी दाराआड कोण जातं?

"ताईकडं पाठवू," मुलगा म्हणाला. "वर्षभर राहील तिकडं."

"ताईंच्या दोन खोल्या. अन् आईंना इथलं सोडवेल का?"

"तुझी नोकरी गेली तर आपल्यालाही इथलं सोडावं लागेल."

सुनेनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "ते बिनवायरचे हेडफोन मिळतात, आजूबाजूचा आवाज मारणारे. शनिवारी घेऊन बघते. नाहीच जमलं तर पाठवू."

म्हातारीनं शब्दन् शब्द वाचला. हातातली पाकळी सोलून झाली तरी ती नखानं तिला सोलतच राहिली. लेकीचं घर दोन दिवस गोड असतं. तिसऱ्या दिवशी जावयाचा चेहरा वाचता येतो, अन् त्याला तर ओठही हलवावे लागत नाहीत.

शनिवारी सून निघाली तशी ही चप्पल घालून दारात हजर.

"तुम्ही कशाला आई? लांब आहे दुकान."

"गोंगाट कुणाचा?" म्हातारी गरजली. "माझाच ना? मग मला नेल्याशिवाय तपासणार कशावर?"

दुकान काचेचं, गारेगार. सुनेनं विक्रेत्याला आपलं फोनचं काम समजावून सांगितलं. त्यानं पहिला जोड तिच्या कानांवर चढवला. म्हातारी चार पावलं मागं सरकली, छाती भरून घेतली अन् ओरडली, "बटाटे कसे दिले?"

दुकानातली सगळी माणसं वळली. एकजण हातातला फोन खाली ठेवून दाराकडं निघाला.

"आलं ऐकू?"

"आलं, पण लांबून. एसीची घरघर मात्र पार गेली."

"मॅडम, एका सुरात चालणारा आवाज हे खाऊन टाकतं," विक्रेता म्हणाला. "पंखा, इंजिन, मशीन. माणसाचं बोलणं थोडं राहतंच."

"मग साठ मागांचा आवाज गेला असता?" म्हातारीनं विचारलं.

"बराचसा गेला असता, मावशी."

"एकोणतीस वर्षं उशिरा भेटलास रे बाबा."

दुसऱ्या जोडानं सुनेची कानशिलं दाबली. तिसरा मऊ, भारी, महाग. तो घातला अन् ती डोळे मिटून उभी राहिली. चेहऱ्यावर अशी शांतता की म्हातारीला ओरडायचा धीरच होईना. "हाच घ्या, डोळे झाकून," म्हणत विक्रेता बिल करायला काचेपलीकडच्या खोलीत बसलेल्या माणसाकडं गेला अन् त्याच्याशी काहीतरी बोलला.

म्हातारीनं सुनेचा दंड धरला. "हा घेऊ नकोस."

"का?"

"तो सांगतोय त्याला. म्हणे, 'आवाज हिच्या कानाला कमी होईल, फोनवरच्याला म्हातारी ऐकू जाणारच. पण तू बोलू नकोस, हा माल खपवायचाय.'"

"आई, तो काचेपलीकडं आहे. मलासुद्धा ऐकू आलं नाही."

"ऐकलंय कुणी? दिसलं." अन् कारखान्यात बाया कशा बोलायच्या ते तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं.

सुनेनं हेडफोन काढला. तो हातात तसाच राहिला. "म्हणजे परवा मंगळवारी... आम्ही ओट्यापाशी..."

म्हातारी मांडणीकडं बघत होती. तिनं आवाज काढला नाही. जन्मात पहिल्यांदा घरच्या माणसासमोर नुसते ओठ हलवले, "तेही दिसलं."

सुनेला ओठ वाचता येत नव्हते. तरी एवढं वाचता आलं. ती शेजारच्या स्टुलावर बसली, पुन्हा उठली अन् विक्रेत्याला हाक मारली. "फोनवरच्याला मागचा आवाज जाऊ नये असा कुठला आहे? खरं सांगा. आमच्या आईंना दिसतं."

तो कानापर्यंत लाल झाला. खालच्या फळीवरून त्यानं एक साधा काळा जोड काढला. बिनवायरचाच, पण गालापासून तोंडापर्यंत माइकची काडी आलेली. "कानाचं काम मघाच्याहून कमी करेल. पण ही काडी तुमचंच बोलणं उचलते."

सुनेनं तो चढवला, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं अन् कामावरचं वाक्य सुरू केलं, "नमस्कार, कुठल्या डॉक्टरांची वेळ हवी आहे?" मागं काहीच होईना. वळून बघितलं तर म्हातारी हातांची घडी घालून उभी.

"आई, ओरडा ना."

"राहू दे आता."

"ओरडा म्हणते ना! चांगलं पोटातून."

म्हातारीनं तिच्याकडं नीट बघितलं. मग अशी ओरडली की काचेपलीकडच्या माणसाचं पेन पडलं. रेकॉर्डिंग लावलं तर सुनेचा आवाज स्वच्छ, अन् त्याच्यामागं, दोन गल्ल्या सोडून कुणीतरी बटाटे मागत असावं, तेवढंच. सुनेनं ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा आवाज पार वर चढवून मोबाइल सासूच्या कानाला लावला.

"ही मी?" म्हातारी म्हणाली. "किती गरीब वाटते गं!"

तो काळा जोड घेऊन बाहेर आल्यावर सुनेनं नवऱ्याला फोन लावला. बसस्टॉपवर गर्दी होती अन् ती सासूला पाठमोरी उभी होती. पलीकडं घंटी वाजत असताना ती थांबली, वळली अन् सरळ म्हातारीच्या समोर येऊन उन्हात उभी राहिली. तोंडावर आलेले केस मागं सारले.

"ऐक," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा. "आई ताईंकडं जाणार नाहीत. हेडफोन चालला तरी नाही अन् नाही चालला तरी नाही. नोकरी गेली तर मी दुसरी बघेन."

म्हातारी लांबून येणाऱ्या बसचा नंबर बघत होती. निदान तसं दाखवत होती. नाक ओढलं, घसा खाकरला अन् मग अख्खा बसस्टॉप दचकेल अशी बोंब ठोकली, "त्याला म्हणावं, मोरीतला दिवा गेलाय, येताना घेऊन ये!"

"हो, आईच आहेत," सून फोनवर म्हणाली. "नाही रे, भांडत नाहीयेत. दिवा आण."