सगळ्या खाटांचा पडदा

मालन कीर वेळेवर जेवायची, वेणी घालायची, इस्त्रीचा गणवेश चढवून ड्यूटीवर यायची. एवढं सगळं नीट चाललं होतं, म्हणून तिचं बाकीचं थांबलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

रत्नागिरीतल्या एका जुन्या धर्मादाय इस्पितळात ती बायकांच्या वॉर्डात सिस्टर होती. नवरा आत्माराम जयगडकडच्या एका गलबतावर खलाशी. त्र्याऐंशी साली कावीळ पोटात उतरली म्हणून त्याला मुंबईला नेलं. तिथे खाट मिळाली नाही. दोन खाटांच्या मधे, जमिनीवरच्या गादीवर तो पडून होता. शेवटच्या दिवशी वॉर्डबॉय त्याचे कपडे बदलत होता आणि आजूबाजूला भेटायला आलेली माणसं डबे उघडून जेवत होती. घरात सख्ख्या भावासमोर सदरा न काढणारा माणूस. शुद्ध नव्हती, पण हात चादर शोधत होता. मालन चादर मागायला धावली. ती घेऊन परत आली, तेव्हा चादर त्याच्या तोंडावरून ओढायचीच राहिली होती.

मालन तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. कढत पातेलं उचललं की बोटांना बराच वेळ काही कळत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं.

वॉर्डात पडदा एकच होता. लाकडी चौकट, हिरवं कापड, खाली चाकं. तो फक्त जाणाऱ्या माणसाच्या खाटेला लावायचा, ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं. पडदा कोपऱ्यातून हलला की बायका पुढ्यातलं ताट बाजूला सारायच्या. बाकी बेडपॅन, अंग पुसणं, टाके काढणं, सगळं उघड्यावर. ज्यांचा गोतावळा मोठा त्यांच्या लेकीसुना नऊवारीची दोन टोकं धरून आडोसा करायच्या. बाजारपेठेतल्या किराणा व्यापाऱ्याच्या घरच्या आनंदीबाई पाय मोडून पडल्या होत्या. त्यांच्यासाठी तर लुगडं धरायला तिघी हजर असत. ज्यांना कुणी नाही त्यांनी डोळे मिटून घ्यायचे. मालनही बेडपॅन द्यायची आणि मान फिरवायची.

अशात संगमेश्वराकडच्या एका वाडीतून सखू आली. पिशवीचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. लघवीची नळी काढली आणि तिथून तिनं पाणी पिणंच सोडलं. दिलेलं पाणी ओठाला लावायची आणि तांब्या खाली ठेवायची. उजाडायच्या आत कातळावर आडोशाला जाऊन येणारी बाई. इथे पायथ्याशी दीर केरू बसलेला, समोरच्या खाटेशी कुणाचे मामे, कुणाचे जावई. जाऊ गंगा सोबत होती, पण लुगड्याची दोन टोकं एकटी कशी धरणार? ताप चढू लागला. डॉक्टर सखूवर ओरडले आणि मालनला सांगून गेले, की संध्याकाळपर्यंत आपणहून लघवी झाली नाही तर पुन्हा नळी घालावी लागेल. टाके ओले असताना पुन्हा नळी म्हणजे काय, हे मालनला माहीत होतं.

तिनं कोपऱ्यातला पडदा सखूच्या खाटेपाशी ओढत आणला.

पहिल्यांदा गंगानं हंबरडा फोडला. केरूनं एकदा वहिनीकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं, चपला पायात सरकवल्या आणि तो निघून गेला. पलीकडच्या म्हातारीनं गंगाजलाची कुपी पुढे केली. सखू कोपरावर उठून बसायला बघत होती.

"बाय, मी मरत न्हाय गो. मना कशाला लावतंस ता?"

मालननं पडदा कशासाठी आहे ते समजावलं. सखूनं ऐकलं नाही. पोटातली कळ दातांत दाबून ती पडद्याकडे बघत राहिली, आणि मालनला कळलं, की लाजेनं जेवढी सुकली नाही तेवढी ही आता भीतीनं सुकेल.

तिनं पडदा काढला. पण कोपऱ्यात नेला नाही, आनंदीबाईंच्या खाटेपाशी नेला. आनंदीबाईंना उद्या घरी सोडायचं होतं. त्या प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून पोह्याचा पापड खात होत्या.

"अगो मेले, मी उद्या घरी जायची, आणि तू मला आजच पोचवायला निघालीस?"

"तुमचं अंग पुसायचंय."

"त्याला आमच्या पोरी आहेत की लुगडं घेऊन."

"त्या तिकडच्या बाईला नाहीत," मालन म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, सपाट. "तुम्हाला लावला आणि तुम्ही बोलत राहिलात, तर ती पाणी पिईल."

आनंदीबाईंनी पापडाचा तुकडा खाली ठेवला. सखूकडे पाहिलं. मग म्हणाल्या, लाव.

पडद्याआडून त्या अखंड बोलत होत्या: पाणी गार आहे, पाठ नीट पूस, आणि बायांनो ऐका, मी अजून आहे हो. कुणीतरी हसलं. मग मालननं पडदा पुढच्या खाटेला नेला, मग त्याच्या पुढच्या. दुखणं लहान की मोठं, माणूस पेठेतलं की वाडीतलं, हे न बघता ओळीनं. मेट्रन दारात येऊन म्हणाल्या, की हा पडदा सीरियस पेशंटचा आहे. मालन म्हणाली, हो, आणि ढकलत राहिली. सखूची पाळी आली तेव्हा ती गंगाला एवढंच म्हणाली, "पानी दे."

संध्याकाळी नळी घालावी लागली नाही. मालन पडद्याकडे पाठ करून उभी होती. मागून आवाज आला. तिनं बेडपॅन उचलला, झाकला, नेला. बरं वाटलं का, ते तिला सांगता आलं नसतं.

पण आदल्या दिवशी पडदा बघून गेलेला केरू मुंबईला भावाला तार करून आला होता, वहिनी आता जगत नाही म्हणून. ती आता मागे घेता येणार नव्हती.

सखूचा नवरा, मुंबईला गोदीत कामाला असलेला महिपत एसटीनं आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. वॉर्डाच्या दारातूनच त्याला बायकोच्या खाटेभोवती हिरवं कापड दिसलं. टोपी काढून तो तिथेच भिंतीला टेकला. मालननं जवळ जाऊन सांगितलं, तुमची बायको बरी आहे. त्यानं मान हलवली. अशा वेळी सिस्टर असंच सांगतात, हे त्याला माहीत असावं. मग कसाबसा चालत तो पडद्यापाशी गेला आणि कापडाला हात घातला.

"कोन हाय ता?" आतून सखूचा आवाज आला, खणखणीत.

"मी... महिपत."

आत बेडपॅनची खडखड झाली.

"भायेर थांबा जरा. माजा व्हायचा हाय."

महिपतनं हात मागे घेतला. चपराक बसल्यासारखा तो उभा होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. आनंदीबाईंच्या जागी आलेली नवी बाई तोंडाला पदर लावून हसत होती. गंगाही हसत होती. इथे आपल्याला हसू यायला हवं, हे मालनच्या लक्षात आलं. ते आलं नाही. तिनं एक स्टूल उचललं, पडद्यापासून चार हात लांब ठेवलं आणि त्याला म्हणाली, "बसा. बोलावतील त्या."