गोरखचा दुसरा वार

भोरच्या कॉलेजात गोरख स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायचा. तासिका तत्त्वावर गणित शिकवायचा. उत्रोलीत खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी पानशेतला घरी जायचा. तिथे धरणाच्या रस्त्यावर त्याच्या थोरल्या भावाचं, सोमनाथचं, हॉटेल होतं. पुण्याच्या गाड्यांवर चालणारं, चुलीवरच्या चिकनचं. वर्गात कितीही गलका झाला तरी गोरखचा आवाज चढत नसे. मुलंच ओशाळून गप्प व्हायची.

त्याची पीएच.डी. चालू होती. विषय त्याने मला एकदा चहा पिताना समजावला. साध्या समीकरणात आजची स्थिती कळली की पुढची काढता येते. त्याच्या समीकरणांत डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, पूर्ण नसे, अर्धा, पाऊण असा अपूर्णांकात असे. मातीच्या थरांमधून झिरपणारं पाणी अशा समीकरणांनी मांडता येतं. एक थर दुसऱ्यावर अवलंबून, म्हणून सगळी समीकरणं एकदम सोडवायची. आणि तिथे पुढचा आकडा काढायला सुरुवातीपासूनचं सगळं मागचं मोजावं लागतं. जुन्याचं वजन कमी होत जातं, पण शून्य होत नाही. त्यामुळे दर पायरीला हिशेब लांबतो, कॉम्प्युटर तासन्‌तास अडकतो. वेळ वाचवायला गोरख फार जुना भाग कापून टाकत होता. थोडा वेळ उत्तरं बरोबर यायची, मग चूक साठत जाऊन सगळं भरकटायचं. दोन वर्षं तो तिथेच अडला होता.

त्या रविवारी दुपारी तो हॉटेलात आतल्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसला होता. बाहेर सोमनाथने एक गाडी हात करून आपल्याकडे वळवली. शेजारच्या हॉटेलवाल्या धनाजीने त्याला आईवरून शिवी दिली. गाड्यांवरून त्यांची कुरबुर रोजचीच होती, पण त्या दिवशी सोमनाथने त्याच्या कानाखाली वाजवली. धनाजी आत गेला आणि लोखंडी गज घेऊन आला. पहिल्याच तडाख्यात सोमनाथचं डोकं फुटलं. तो गुडघ्यावर आला, डोळ्यांत रक्त उतरलं, तरी पाठीवर गज पडतच होता. त्यांची आई रतनबाई मध्ये पडली. धनाजीने तिला ढकललं तशी ती चुलीवर गेली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला.

आईची किंकाळी ऐकून गोरख बाहेर आला. ठोकळ्यावरचा कोंबडी तोडायचा कोयता त्याच्या हातात होता. धनाजीने गज उगारला, गोरखने उगारलेल्या मनगटावर घाव घातला. गज खाली पडला. पंजा कातडीला लोंबत राहिला. धनाजी उताणा पडला आणि "बास, बास" म्हणू लागला. गोरखने वाकून त्याच्या मांडीवर दुसरा वार केला, हाडापर्यंत. मग गिऱ्हाइकांनी त्याला धरलं.

धनाजी वाचला. पंजा डॉक्टरांना जोडता आला नाही.

गोरखला बऱ्याच महिन्यांनी जामीन मिळाला. कॉलेजने तास बंद केले होते. मी भेटायला गेलो तेव्हा तो नीट बोलला, आणि जाताना म्हणाला, "पहिला वार भावासाठी होता. दुसऱ्याला मला बरं वाटलं, सर. ते बरं वाटणं जात नाही."

पोलीस ठाण्यात हजेरी लावायला त्याला वेल्ह्याला जावं लागे. तिथल्या एसटी स्टँडवर धनाजीच्या धाकट्या भावाने, चिमाजीने, त्याला गाठलं. चिमाजीबरोबरच्या दोघांनी त्याचे हात धरले आणि चिमाजीने दगडाने त्याचा गुडघा ठेचला. लोक बघत होते. पोलिसांनी विचारलं तेव्हा गोरखने कुणाचंच नाव सांगितलं नाही.

तो पायाला प्लॅस्टर घेऊन घरी आला त्या दिवशी सोमनाथ हॉटेलातला नवा कोयता घेऊन चिमाजीला गाठायला निघाला. गोरख सरपटत जाऊन उंबऱ्यात आडवा झाला आणि त्याने त्याचे पाय धरले. सोमनाथने बाजूला हो म्हणून सांगितलं, मग त्याच्या प्लॅस्टरवरच लाथ घातली. गोरख ओरडला, पण त्याने भावाचे पाय सोडले नाहीत. शेवटी रतनबाईने भाजल्या हाताने सोमनाथच्या हातातून कोयता ओढून घेतला, धरणाकडे चालत गेली आणि पाण्यात टाकून आली. घरी येऊन एवढंच म्हणाली, "आता माजा एक बी पोरगा हितनं जायाचा न्हाई."

अंथरुणावर पडून गोरखने पुन्हा गणित हातात घेतलं. आता त्याने जुना भाग कापला नाही. अलीकडचं बारीक पायऱ्यांनी मोजायचं आणि जितकं मागे जावं तितक्या पायऱ्या रुंद करत, गठ्ठ्याने मोजायचं, असं करून पाहिलं. सगळं मागचं हिशेबात राहिलं आणि काम निम्म्याहून कमी वेळात झालं. ही युक्ती जगात आधीच माहीत आहे, असं त्याने मला फोनवर सांगितलं. थरांच्या समीकरणांना ती कशी लावायची आणि चूक किती राहते, एवढंच त्याचं. आमच्या ओळखीच्या पाच वर्षांत त्याच्या आवाजात इतका आनंद मी ऐकला नव्हता.

खटला उभा राहिला. वकिलाने त्याला पढवलं होतं की सगळं एका झटक्यात झालं, भावाचा जीव वाचवायला झालं, असंच सांगायचं. साक्षीदारांनाही नीट आठवत नव्हतं. न्यायाधीशांनी विचारल्यावर गोरख म्हणाला, "पहिला वार केला तेव्हा त्याच्या हातात गज होता. दुसरा केला तेव्हा तो खाली पडला होता आणि बास म्हणत होता. मला ऐकू आलं होतं." वकिलाने कपाळाला हात लावला. सोमनाथ उठून बाहेर गेला.

त्याला सक्तमजुरी झाली. प्रबंध त्याने शिक्षेआधी दिला होता, तोंडी परीक्षा सुटून आल्यावर झाली. पदवी मिळाली. नोकरी अजून कुठेच नाही. घरी बसून तो लोकांना कॉम्प्युटरची कामं करून देतो, लंगडत बाजारात जातो. सोमनाथ त्याच्याशी कामापुरतं बोलतो.

मागच्या महिन्यात वेल्ह्याच्या स्टँडवर त्याला धनाजी भेटला. बाकावर तेवढीच जागा होती, म्हणून धनाजी शेजारी बसला. तो म्हणाला, "कोर्टात खरं बोललास. त्यानं हात येत न्हाई."

"न्हाई येत, धनाजीभाऊ," गोरख म्हणाला.

एसटी उशिरा आली. तोवर दोघं तसेच बसून राहिले.