दोनच मिनिटं, बाई

त्या वर्षांत मुंबईत सगळ्यांना सगळं ताबडतोब हवं होतं. संयुक्त महाराष्ट्र ताबडतोब हवा होता, त्यात मुंबई ताबडतोब हवी होती आणि आमच्या विम्याच्या कचेरीत प्रत्येक खात्याला आपला तक्ता ताबडतोब हवा होता. पहिल्या दोन मागण्यांसाठी मी घोषणा देत असे. तिसरी मात्र माझ्याच डोक्यावर येऊन आदळली.

कॉम्प्युटर हा शब्द अजून आमच्या कानावर यायचा होता. आमच्याकडे होता तो त्याचा थोरला चुलता: कपाटाएवढं, खडखडणारं, तेलाचा वास मारणारं यंत्र. जाड कार्डांवर भोकं पाडून थप्पी त्याच्या तोंडात द्यायची, की ते भोकं वाचून बेरजा करायचं आणि तक्ता छापायचं. भोकं पाडायला आम्ही मुली आणि यंत्र चालवायला पुरुष. का, तर म्हणे यंत्र जड असतं. जसं काही ते डोक्यावर घेऊन लालबागला जायचं होतं!

मग यंत्र चालवणारे गृहस्थ राजीनामा देऊन चळवळीत उतरले आणि मी सरळ साहेबांच्या खोलीत जाऊन ती जागा मागितली. भोकं पाडून कंटाळले होते हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे मला ते यंत्र मनापासून आवडायचं. भिंतीपलीकडून त्याचा खडखडाट आला की हातातल्या कामावरून माझं लक्ष उडायचं. साहेब दादरचे, अतिशुद्ध बोलणारे. त्यांनी आधी चष्मा पुसला.

"परवा मुंबई बंद आहे," ते म्हणाले. "म्हणजे उद्या सगळी खाती तुटून पडतील. उद्या तुम्ही यंत्रावर बसा. संध्याकाळी पाचला समोरचं टेबल रिकामं दिसलं, तर यंत्र तुमचं. नाही दिसलं, तर पुन्हा आपल्या जागेवर, आणि हा विषय कायमचा बंद."

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मशीन काय तुझ्या बापाशीचा गो? बापाशीन जलमभर मिलात मशीनच चालयल्यान, काय मिळाला त्येका?" वडिलांनी मान खाली घालून भात कालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर थप्प्यांचा डोंगर आणि दाराशी कारकुनांची रांग. चाळीच्या नळावर कळशीवालीला पुढे सोडतात आणि पिंप भरणारीला थांबवतात, तेवढी अक्कल मला होती. लहान कामं आधी उरकली की थोडेच जण ताटकळतात. म्हणून ज्याला त्याला विचारलं, "किती वेळ लागेल?"

एक सोडून सगळ्यांनी सांगितलं, "दोनच मिनिटं, बाई."

मुंबईतल्या दोन मिनिटांत माणूस दाढी करतो, पान खातो आणि चुलत्याच्या मयताला जाऊनही येतो. पहिली दोन मिनिटांची थप्पी हप्ते खात्याची होती. ती दुपारच्या डब्यापर्यंत चालली. अर्थात सगळेच काही खोटारडे नव्हते. कोणतं कार्ड दमट हवेनं फुगून अडकणार, कुठे भोक चुकलंय (आम्हीच पाडलेलं), हे थप्पी आत घातल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तोवर रांगेतल्या वात्रटांनी घोषणा सुरू केली होती, "आमचा तक्ता झालाच पाहिजे!"

डबा खाताना माझं डोकं तापलं आणि तापलेल्या डोक्यातून नियम निघाला. उभी राहिले आणि सांगितलं, "जेवढा वेळ सांगाल तेवढाच मिळेल. वेळ संपला की पुढच्या पोटबेरजेला, म्हणजे मधली बेरीज छापून झाली की, यंत्र थांबेल. झालेलं काम वाया जाणार नाही, पण उरलेली थप्पी उचलून रांगेच्या शेवटी जायचं."

"हे काय बाई, रेशनचं दुकान आहे का?" कोणीतरी ओरडलं.

"रेशनच आहे," मी म्हटलं. "तुमची किती मिनिटं?"

दोन मिनिटंवाले एकेक करून मागे गेले. दुसऱ्या फेरीत त्यांची उत्तरं एकदम वयात आली: पंधरा, पंचवीस. दावे खात्यातल्या एका म्हाताऱ्या कारकुनांनी मात्र पहिल्यांदाच सांगितलं होतं, "पोरी, मला खरंच माहीत नाही." त्यांचं काम मी थोडं थोडं, पाळीपाळीनं घेतलं आणि ते कुणालाही न अडवता संपलं. डोंगर भराभर उतरू लागला. मी इतकी खूश होते, की यंत्राशी चक्क गप्पा मारत होते.

तेवढ्यात साहेब स्वतःचा कार्डांचा ट्रे घेऊन आले. "फक्त दहा मिनिटं, बाई."

दहा मिनिटं झाली, पोटबेरीज आली, मी यंत्र थांबवलं. खोलीत टाचणी पडली असती तर दणका ऐकू आला असता.

"साहेब, थप्पी."

"अहो, हे माझं काम आहे."

"म्हणून तर दहा मिनिटं पूर्ण दिली."

त्यांचे कान लाल झाले. पण ट्रे टेबलाच्या टोकाला ठेवून ते खोलीत गेले. पुढच्या फेरीला शिपायाबरोबर निरोप आला, "वीस." वीसही संपली. मागे चौघे बंदच्या आधी घर गाठायला अधीर झाले होते. त्यांना डावलून साहेबांचं संपवलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. मी ते केलं नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. इतक्यांना मागे हाकलल्यावर आता त्यांना तोंड कसं दाखवायचं, एवढाच प्रश्न होता.

पाच वाजले. सगळे गेले. टेबलावर एकच ट्रे उरला होता, साहेबांचा. मी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता. रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता.

साहेब बाहेर आले. "काय राहिलं?"

"तुमचंच."

त्यांनी ट्रेकडे पाहिलं. मग तो उचलून बगलेत मारला. दोन कार्डं खाली पडली, ती वाकून गोळा केली.

"टेबल रिकामं आहे," ते म्हणाले. "बंद संपला की वेळेवर या."